मदत हवी आहे: क्रेटा 1.6 पेट्रोल, तीन प्लग निघाले, तिसऱ्या सिलिंडरचा अडकलाय

नमस्कार मंडळी,

गाडी घरासमोर बॉनेट उघडं ठेवून उभी आहे, म्हणून आधी प्रश्नच विचारतो. स्पार्क प्लग बदलायला घेतले. 1, 2 आणि 4 नंबरचे हाताच्या साध्या जोरावर सुटले. 3 नंबरचा मात्र जेमतेम पाव आटा (पाव फेरा) फिरला आणि तिथेच गच्च बसला. फिरताना कर्र असा कोरडा आवाज आला. रॅचेटला पाइप लावून जोर द्यावा, की हात काढून घ्यावा?

आता मागची हकिगत. 2016 ची गाडी, 94,000 किमी. गेल्या रविवारी चिपळूणला आत्याकडे गेलो होतो. परत कराडला येताना कुंभार्ली घाट चढताना गाडी मिसिंग मारू लागली. दुसऱ्या गियरमध्येही झटके, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मागून कंटेनर येत होता, मागच्या सीटवर आई आणि दोन्ही पोरं. ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ थांबलो आणि अगदी हळू, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबत वर आणली.

घरी आल्यावर मित्राचा स्कॅनर लावला. कोड आला पी0303, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर (तिथे पेट्रोल नीट पेटत नाही). तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) काढून पहिल्यावर लावली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसून गाडी फिरवली, पुन्हा पी0303 च. कॉइल हलली तरी कोड हलला नाही, म्हणून प्लगवर आलो.

60,000 ला प्लग बदलल्याचं आमच्या इथल्या एका गॅरेजच्या बिलावर लिहिलेलं आहे. पण निघालेले तीन प्लग पाहून माझा त्यावर विश्वास राहिलेला नाही. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्यात. ठिणगी पडते ती फट नव्या प्लगमध्ये 1 मिमीच्या आसपास आहे, जुन्यात 1.5 मिमीची मापाची पत्ती सैल जाते. नवे प्लग मॅन्युअलमधल्या नंबरचेच आणलेत.

एक गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती. 3 नंबरचा प्लग बसतो त्या खड्ड्यात टॉर्च मारली तर प्लगच्या षट्कोनाभोवती तांबूस गंजाचं कडं दिसतं. बाकीचे तिन्ही खड्डे कोरडे आहेत. जूनमध्ये एका ठिकाणी इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुवून घेतलं होतं.

आणखी दोन शंका. 2 नंबरच्या प्लगवर पांढऱ्या चिनी मातीला, षट्कोनाच्या लगेच वर, तपकिरी वर्तुळ आहे. तिथून गॅस गळतोय का? आणि नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावायचं का?

वडील म्हणतात, जोर लावू नकोस. त्यांनी आयुष्यभर स्कूटरचा प्लग स्वतः काढला, पॉलिश पेपरने घासला आणि परत लावला, त्यामुळे त्यांच्या शब्दाला माझ्याकडे वजन आहे. पण गणपतीला कोकणात जायचंय आणि हातात बारा दिवस आहेत.

कोल्हापूरकर

दादा, वडिलांचं ऐका. हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचं आहे आणि प्लगचं अंग लोखंडी. मधे पाणी गेलं, गंज धरला की दोन्ही एकमेकांना चिकटतात. अशा वेळी पाइप लावून ओढलंत तर प्लगबरोबर हेडचे आटे सोलून येतील. प्लग काही शेकड्यांत मिळतो. हेडचे आटे गेले तर हेड उतरवा, नवे आटे बसवा, पॅकिंग बदला, खर्च कुठल्या कुठे जातो.

असं करा. आधी तो पाव आटा परत आत फिरवा, उलट्या दिशेने. खड्ड्यातला गंजाचा चुरा हवा मारून किंवा व्हॅक्यूमने काढा, नाहीतर प्लग निघताच तो सिलिंडरमध्ये पडेल. मग गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब प्लगच्या बुडाशी जातील असे टाका. पिचकारीभर नको. रात्रभर राहू द्या. सकाळी अष्टमांश आटा बाहेर, थोडा आत, परत बाहेर. कर्र वाजलं की थांबा, आणखी दोन थेंब, अर्धा तास. ही संयमाची कामं आहेत. माझा एक प्लग निघायला अख्खी दुपार गेली होती, पण आटे शाबूत राहिले.

एक्स्टेन्शन अगदी सरळ उभं धरा. तिरका जोर बसला की चिनी माती तडकते. आणि कुणी इम्पॅक्ट गन घेऊन आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

घाटमाथा

वरचं सगळं बरोबर. भर घालतो: प्लग गार इंजिनवरच काढावेत हा नियम खरा, पण अडकलेल्यासाठी इंजिन हाताला सोसेल इतकं कोमट असलं तर फायदा होतो. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड किंचित सुटते. फक्त कोमट, गरम नाही. तुमचं तीन भोकं उघडी ठेवून सुरू करता येणार नाही, त्यामुळे जुने तीन परत हाताने बसवून, कॉइल लावून, दोन-तीन मिनिटं चालवावी लागेल. मी आधी तेलाचाच उपाय करेन.

दिवा लुकलुकत असताना गाडी चालवणं टाळा. तो नुसता पेटणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे जळतं आणि तो भाग आतून वितळू शकतो. हळू आणलीत ते चांगलं केलंत.

मुक्काम नाशिक

ग्रीसबद्दल: तांब्याचं ग्रीस आट्यांना लावायची सवय पुष्कळ मिस्त्रींना आहे. पण आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, म्हणून बनवणारे स्वतःच लावू नका सांगतात. ग्रीसमुळे आटा घसरतो आणि तोच टॉर्क (पिळण्याचा जोर) दिला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. टॉर्क पाना असेल तर 14 मिमी आट्याच्या, वॉशरवाल्या प्लगला 25 न्यूटन-मीटरच्या आसपास. नसेल तर हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा आटा. नवा वॉशर दबताना जाणवतो.

बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवा आणि नळी चिमटीत धरून फिरवा. आटा वाकडा लागला तर नळी घसरते, हेड वाचतं. मी पान्याने सुरुवात कधीच करत नाही.

तपकिरी वर्तुळ म्हणजे गळती नाही. जास्त दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, तो डाग आहे. काळजी नको.

आणि काकांना सांगा, इरिडियमचे प्लग असतील तर पॉलिश पेपर नको. मधलं टोक जेमतेम अर्ध्या मिमीचं असतं, घासलं की गेलंच.

(एक प्रतिसाद)

माझ्या गाडीला सीएनजी किट आहे, प्लग किती किमीला बदलायचे?

मुक्काम नाशिक

सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झीज लवकर होते. पेट्रोलच्या अंतराची वाट पाहू नका. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

धागाकर्ता

निघाला!

रात्री तेल टाकलं, पहाटे परत थोडं. साडेसातला सुरुवात केली. अष्टमांश बाहेर, आत, बाहेर. वडील शेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकत होते आणि कर्र वाजलं की हात वर करत होते. पाऊण तास लागला. शेवटचे आटे बोटांनी सुटले. आटे टॉर्चने पाहिले, स्वच्छ आहेत. गंज आट्यांच्या वर, फक्त षट्कोनाच्या बुडाशी होता.

पण प्लगवर जे दिसलं ते सांगायचंय. चिनी मातीवर वरच्या टोकापासून षट्कोनापर्यंत काळी रेघ आहे, शिसपेन्सिलने ओढल्यासारखी बारीक, आणि नखाने निघत नाही. ठिणगी खाली जाण्याऐवजी बाहेरून याच रेघेवरून जात असणार ना? चढावर जोर लागला तेव्हाच मिसिंग का झालं, तेही मग जुळतं.

चारही नवे प्लग नळीने बसवले, अर्धा आटा आवळले. आयडलिंग एकदम शांत. गावात पाच किमी फिरवली, कोड नाही.

कोल्हापूरकर

अभिनंदन, आणि काकांना नमस्कार. हो, रेघेबद्दल तुमचा अंदाज बरोबर. फट वाढलेली, चढावर सिलिंडरमधला दाब वाढलेला, त्यात खड्ड्यात ओल. विजेला बाहेरची वाट सोपी पडली.

आता महत्त्वाचं. त्या प्लगवर घाटात जी कॉइल होती तिचा रबरी बूट (प्लगवर चढतो ती नळी) आतून तपासा. तीच तुम्ही पहिल्यावर हलवली होती. प्लगवर रेघ असेल तर बुटातही बहुधा असते. ती राहिली तर ठिणगी त्याच वाटेने जाईल आणि नवा प्लगही खराब करेल. आज नाही तर पंधरा दिवसांनी.

धागाकर्ता

पाहिला. बूट उलटा करून टॉर्चखाली धरला, आतल्या बाजूला करड्या रंगाची रेघ आहे. प्लगवरच्यापेक्षा फिकट, पण आहे. दुकानदार म्हणतो नुसता बूट परवापर्यंत मागवून देतो. तोवर गाडी गावातच, घाटात नेणार नाही. बूट बसवला की इथे लिहितो.