नाताळचं जेवण: सगळ्यांचीच भूक चिमणीएवढी, मग रांधायचं काय आणि किती?

गिरीजची लेक

नमस्कार मंडळी. मी वसईतल्या गिरीजची, लग्नानंतर नालासोपाऱ्यात. यंदा २५ तारखेचं जेवण पहिल्यांदाच माझ्याकडे आहे. नवरा बोटीवर आहे, त्यामुळे जेवायला पप्पा (वय ८३), आई (७८), मावशी, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. मावशीच्या पोटाचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, पोटाचा काही भाग काढावा लागला. मुलगा जन्मापासूनच दोन घासांचा गडी.

आई पूर्वी सगळ्या भावंडांच्या कुटुंबांसाठी पाच किलो डुकराचं मटण आणायची. इंदियाल (व्हिनेगर घातलेलं डुकराच्या मटणाचं मसालेदार कालवण), सोरपोतेल (मटण आणि काळजाचं तसंच आंबट-तिखट कालवण), कोंबडीचं रोस्ट, पुलाव आणि टोपलंभर फुगे (मैद्याचे फुगवून तळलेले गोळे). मला रांधायला येतं ते तेवढ्याच अंदाजानं. कमी करायला गेले की हात अडखळतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच आला आहे. भावाकडे जेवण होतं. वहिनीनं प्रेमानं पप्पांचं ताट भरून वाढलं. पप्पा हळूहळू जेवले, ताट रिकामं झालं, आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा नवा पांढरा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात कागदी रुमालाची पुरचुंडी. आत इंदियालाचे दोन तुकडे आणि अर्धा फुगा. खिशाला लालभडक डाग. अन्न टाकायचं नाही, आणि मुलासुनेसमोर ताटात उरलेलंही दिसू द्यायचं नाही, म्हणून त्यांनी ते खिशात घातलं होतं. तो डाग अजून पूर्ण गेलेला नाही.

मला पप्पांवर पुन्हा ती वेळ आणायची नाही. पण नाताळच्या दिवशी मऊ भात आणि वरण वाढायचीही माझी तयारी नाही. टेबल सणाचंच दिसायला हवं. कोणी असं जेवण केलं असेल तर काय केलं, किती केलं, सांगा.

आगाशीकर

बाळा, पहिली गोष्ट म्हणजे इंदियाल आणि सोरपोतेल दोन्ही नको. एकच कर. माझं मत सोरपोतेलला. त्यात मटण आणि काळीज आधी उकडून बारीक चिरलेलं असतं, दात नसलेल्यालाही खाता येतं. अर्धा किलो मटण आणि थोडं काळीज तुम्हा पाचजणांना पुरून उरेल. २२ तारखेलाच करून फ्रिजमध्ये ठेव. पहिल्या दिवशी व्हिनेगर नाकात जातं, तिसऱ्या दिवशी मसाला मुरून चव गोल होते. २५ला लागेल तेवढंच काढून चांगलं उकळव. सगळा टोप पुन्हा पुन्हा तापवू नकोस.

फुग्यांसाठी पाव किलो मैदा, एक अंडं, चमचाभर साखर, मीठ, अर्धा चमचा यीस्ट आणि लागेल तसं कोमट नारळाचं दूध. ताडी मिळाली तर यीस्ट नको. पीठ पोळीसारखं घट्ट नाही, हाताला चिकटेल इतकं सैल हवं. फुगून दुप्पट झालं की ओल्या मुठीत घ्यायचं आणि अंगठा नि तर्जनीच्या मधून वर दाबून काढायचं. आपल्याकडे लिंबाएवढा फुगा सोडतात, तू आवळ्याएवढा सोड. मोठा फुगा अर्धा टाकावा लागतो आणि माणूस ओशाळतो. लहान असला की एक खाल्ला तरी अख्खा खाल्ला, आणि मग दुसऱ्याकडे हात आपोआप जातो.

कोंबडी मात्र अख्खीच भाज, सात-आठशे ग्रॅमची लहान बघून. टेबलाच्या मध्ये ती दिसली की सण वाटतो. उरली तर संध्याकाळी पावात घालून संपते.

रात्रपाळी

मी पंचवीस वर्षं नर्स आहे, घरी सासूबाई ८६ वर्षांच्या. थोडं त्या अनुभवातून.

सूप जेवणाच्या सुरुवातीला देऊ नका. वाटीभर सूप पोटात गेलं की म्हाताऱ्या माणसाचं जेवण तिथेच संपतं. द्यायचंच तर सकाळी अकराला द्या. गोव्याकडे करतात तशी कोंबडीच्या पाण्यातली मूठभर तांदळाची कांजी कपातून. मिसाहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) दमून आल्यावर बरीही वाटते. जेवताना ताटात मटण, अंडं, कोंबडी आधी, पुलाव नंतर, म्हणजे जे चार घास जातील त्यात काहीतरी ताकदीचं गेलेलं असेल.

मावशींचं वेगळं आहे. पोटाचा भाग काढलेल्यांच्या पोटात गोड आणि पातळ एकदम गेलं की काहींना धडधडतं, घाम येतो, चक्कर येते. त्यामुळे मिल्क क्रीम (दुधाची मिठाई), वाइन, सरबत यांनी सुरुवात नको. आधी घट्ट पदार्थ, नीट चावून. पाणी-सरबत अर्ध्या तासानं, घोट घोट. गोड शेवटी, एखादाच तुकडा. त्यांना दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खायला सांगितलेलं असेल, ते सणाच्या दिवशीही मोडू नका.

कोणी इन्सुलिन घेत असेल आणि खाणं कमी-जास्त होणार असेल, तर डोस किती घ्यायचा ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. भूक अलीकडे एकदम कमी झाली असेल, वजन उतरत असेल, तर तेही दाखवा. औषधांनीही भूक मरते, मधुमेहाची मेटफॉर्मिन त्यातलीच. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, विचारायचं.

आणि फिकं करू नका! वय वाढलं की वास आणि चव कमी होते. बेचव जेवण पाहून उरलीसुरली भूकही जाते. तिखट थोडं कमी, पण लसूण, जिरं, व्हिनेगर यांचा वास खणखणीत राहू दे.

जुना मास्तर

मी ७९ वर्षांचा. इथे सगळे वाढणारे बोलत आहेत, मी जेवणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

तुमच्या वडिलांच्या शर्टाबद्दल वाचून थांबलो. मी खिशात घातलं नाही, पण नातवाच्या ताटात गुपचूप सरकवलं आहे. भूक नसते असं नाही. भूक येते आणि वीस मिनिटांत निघून जाते. आमच्याकडे नाताळला मसाल्याचा वास सकाळी दहापासून घरभर असतो. साडेअकराला मला इतकी छान भूक लागते की काय सांगू. मग पाहुणे येतात, फोटो होतात, एकेकाची वाट बघता बघता अडीच वाजतात. तोवर ती भूक विझलेली असते, आणि समोर भरलेलं ताट येतं. आता सुनेला सांगितलं आहे, मला साडेअकराला एक फुगा आणि दोन चमचे रस दे. अडीचला सगळ्यांबरोबर बसेन, जाईल ते खाईन.

दुसरं, आग्रह. "पप्पा, एवढंच?" हा प्रश्न नको. भांडी मध्ये ठेवा, नाश्त्याच्या लहान प्लेट मांडा. आमचं आम्ही घेऊ. लहान प्लेटमध्ये चमचाभर पुलावसुद्धा भरलेला दिसतो.

मधली आळी

मास्तरांचं पटतं, पण अर्धंच. माझ्या आईला "घे गं थोडं" म्हटलं नाही तर ती बसूनच राहते, तिला वाटतं आपली कोणाला पर्वा नाही. एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारू नये.

आणि रांधताना मन फार आवरू नका. मी किलोभर करते आणि शेजारच्या तीन घरांत डबे देते. वासानं शेजारी जागे असतातच. नाताळला घरातून काहीच बाहेर गेलं नाही, तर माझ्याच आईला ते जेवण सणाचं वाटत नाही.

गिरीजची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ह्यांचंही तसंच असेल, मी कधी विचारलंच नाही."

काल पप्पांना सरळ विचारलं, एकच करायचं तर काय करू? ते म्हणाले, इंदियाल. मटण नसलं तरी चालेल, पण फुगा बुडवायला रस हवा. त्यामुळे आगाशीकर मावशी, रागावू नका, सोरपोतेल पुढच्या वर्षी. इंदियाल अर्धा किलोचं, तुकडे तुम्ही म्हणता तसे बारीक, आणि रस जरा जास्त. कोंबडी अख्खी, लहान. पुलाव पाऊण वाटी तांदळाचा, फक्त रंगापुरता. सकाळी कांजी. साडेअकराला पप्पांच्या हातात पहिल्या घाण्यातला फुगा, ओट्याशेजारी खुर्ची टाकून. लहानपणी आम्ही तिथेच उभे राहून खायचो, तेव्हा फुगे ते आम्हाला काढून द्यायचे. मावशीचं ताट सगळ्यांबरोबरच, पण वेळा तिच्या.

गोडाला नेवऱ्या (करंज्या) आणि खजुराचे रोल नखाएवढे. शिवाय आत्यानं उन्हाळ्यात वाळवलेली सुकेळी (सुकवलेली केळी) आहेत, त्यांच्या पातळ चकत्या करून मध्ये ठेवीन. मुलगा त्या मात्र न सांगता खातो. शेजारी दोन डबे जातीलच.

आता एकच अडचण. ताडी २४ला सकाळी मिळाली तर पीठ रात्रभर ठेवायचं, की मिसाहून आल्यावर भिजवायचं? यंदा थंडी बरी आहे, पीठ फुगायला वेळ लागेल असं वाटतं.

आगाशीकर

रागावू कशाला, इंदियालच कर. पीठ रात्रीच्या मिसाला जायच्या आधी भिजव, मोठ्या टोपात, कारण ते दुप्पट होणार. वर ओलं फडकं घाल आणि टोप तांदळाच्या डब्याशेजारी उबेला ठेव. सकाळी उठून आधी फडकं उचलून बघ. वर बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला की कढई तापवायला हरकत नाही.