शेजारी सोलर आलं की आपल्या रानाचा दर पडतो काय?

हुक्केरीची सून: आमचं पावणेतीन एकर रान, घरबी रानातच. शेजारच्या दहा एकरांत सोलर प्लांट येतोय, मोजणी होऊन खांबबी पडलेत. मामंजींनी ओढ्याकडचा एक एकर विकायला काढलाय. गिऱ्हाईक इसार द्यायच्या बेतात होतं, खांब बघितले आणि म्हणालं, "आता दर उतरवा." खरंच फरक पडतो काय?

बांधावरचा: निमित्त हो ते! आधी पवनचक्कीचं सांगायचे, त्याच्या आधी मोठ्या लाईनच्या तारांचं.

दस्तवाला: वहिनी, कचेरीबाहेर दस्त लिहिण्यात माझा जन्म गेला. निमित्त आहे, पण निव्वळ निमित्त नाही. घर आणि रान वेगळं धरा. अमेरिकेत बर्कले लॅब या संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये सहा राज्यांतले सुमारे १८ लाख घरांचे व्यवहार तपासले. प्लांटपासून अर्ध्या मैलाच्या आतल्या घरांचा दर सरासरी दीड टक्का कमी निघाला, मैलापलीकडं काही नाही. तीन राज्यांत तर फरकच सापडला नाही. शेतजमिनीचं उलटंही होतं. आपलंही रान भाड्यानं जाईल या आशेवर शेजारी दर चढवून बसतो. कर्नाटकात तुमकूरकडं पावगड्याला सोलर पार्कसाठी सुमारे १३ हजार एकर शेतकऱ्यांकडून भाड्यानंच घेतली, सुरुवातीला एकरी वर्षाला २१ हजारानं. पण ती आशा तुम्ही धरू नका. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे तुमच्या शेजारचा प्लांट दोनेक मेगावॉटचा. जवळच्या सबस्टेशनला जेवढी वीज झेपते तेवढाच प्लांट, मग कंपनी सहसा तिथून पुढं सरकत नाही.

गिऱ्हाइकानं खांब बघितले, खरं बघायचं ते कुंपण. ओढ्याकडच्या एकराला ट्रॅक्टर कुठून जातो? आणि जागा सपाट केली की पहिल्या वळवाचं पाणी कुणाच्या बांधावर उतरणार?

हुक्केरीची सून: काका, वाट त्यांच्याच बांधावरून आहे. नकाशात नाही, पण मामंजींच्या वडलांपासून गाडी तिथूनच जाते.

दस्तवाला: मग दराचं राहू द्या, आधी हे धरा. २० वर्षं उघड, बिनतक्रार, हक्कानं वहिवाट असली तर १८८२ च्या इझमेंट कायद्यानं, म्हणजे दुसऱ्याच्या रानातून वाट-पाणी नेण्याच्या हक्काच्या कायद्यानं, हक्क लागतो. पण तो सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्यापेक्षा शेजाऱ्याचा कंपनीशी करार व्हायच्या आत वाट रुंदीसकट लिहून, रजिस्टर करून घ्या. पाण्याच्या चरीचंही त्याच कागदात घाला. कुंपण पडल्यावर मालक म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते मालकाला. करार आधीच झाला असेल तर कंपनीचीही सही लागेल.

बांधावरचा: आणि शेजारी सही द्यायला चहावर चहा पाजून घेणार, तेवढा खर्च धरा.

हुक्केरीची सून: चहा देऊ की. उद्याच मामंजींना धाडते.