मदत हवी आहे: "सोलापुरातून विमानं उडवून पाऊस पळवला" याला गटावर काय उत्तर द्यावं?

ज्वारीचं_कणीस

उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सअॅप गट आहे, दोनेकशे माणसं. ऑगस्ट कोरडा जायला लागला की तेच मेसेज पुन्हा फिरतात. काही मराठीत असतात, काही तेलुगू-कन्नडमधून आलेले. सध्या चार दावे जोरात आहेत:

१) सोलापूर विमानतळावरून विमानं उडवून ढगांत रसायन मारलं, त्यामुळे आपला पाऊस गेला.
२) आकाशातल्या पांढऱ्या रेघा म्हणजे विष. लोकसंख्या कमी करायचा जागतिक डाव आहे. सोबत विमानात पिंपं ठेवल्याचा फोटो.
३) अमेरिकेतलं 'हार्प' नावाचं यंत्र मान्सून वळवतं.
४) सरकारी पावसाचे आकडे खोटे आहेत. शेतात टिपूस नाही आणि कागदावर ३० मिलिमीटर.

यातलं खरं किती, आणि जे खोटं आहे ते गावात बसून कसं तपासायचं, एवढं हवंय. "सरकारवर विश्वास ठेवा" हे उत्तर नको. ते दिलं की "मालक, तुमी त्यांच्याकडनं का?" असा सवाल येतो आणि विषय तिथंच मिटतो.

ढगफुटाणे

पहिला दावा सरसकट खोटा म्हणालात तर पहिल्याच वाक्यात हराल, कारण विमानं खरंच उडाली होती.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'कायपीक्स' प्रयोगाच्या चौथ्या टप्प्यात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर तळ धरून ढगबीजन केलं, म्हणजे पाऊस वाढावा म्हणून विमानातून ढगांत क्षाराचे कण सोडले. सोलापूर का निवडलं? हा पर्जन्यछायेचा प्रदेश, ढग भरपूर आणि पाऊस कमी. प्रयोगासाठी २७६ ढग निवडले. काहींत बीजन केलं, काही मुद्दाम तसेच सोडले, म्हणजे तुलना करता यावी. निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या बुलेटिनमध्ये छापून आले: बीजन केलेल्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस.

१०० चौरस किलोमीटर म्हणजे दहा बाय दहा किलोमीटरचा तुकडा. एवढ्यात अख्खा तालुका बसत नाही, जिल्हा तर लांबच. परिणाम दिसतो तो त्या ढगाच्या तास-दोन तासांच्या आयुष्यात. पुढच्या आठवड्याच्या पावसाशी त्याचा संबंध लावता येत नाही.

आता रसायन. पंखांखाली नळकांडी लावतात, एकेकात साधारण किलोभर मिश्रण असतं. ते ढगाच्या तळाशी जाळलं की कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण वर ढगात ओढले जातात. हा क्षार पाणी धरतो, थेंब मोठे होतात. आपल्याकडच्या ढगांची अडचण तीच आहे: हवेत धूळ-धूर जास्त, म्हणून पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटलं जातं आणि एकही थेंब पडण्याइतका जड होत नाही.

शेतात किती येतं, त्याचा हिशोब गटावरच मांडा. दहा नळकांडी, म्हणजे १० किलो, १०० चौरस किलोमीटरवर समान पडली असं धरू. चौरस मीटरला ०.१ मिलिग्रॅम, एकरी ०.४ ग्रॅम. चहात घालतो त्या साखरेच्या चिमटीएवढं.

आणखी एक. सोलापूर जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर आणि सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर. रब्बी ज्वारी त्याच हिशोबाने आहे. ऑगस्टात ढग येऊन न पडता जाणं ही या भागाची जुनीच खोड आहे, विमानांच्या आधीची.

खडकाळ_माळ

प्रयोग सरकारी संस्थेचा, निष्कर्षही त्याच संस्थेच्या लोकांचे. मग त्यावर विश्वास का ठेवायचा? आणि नळकांड्यात नुसतं कॅल्शियम क्लोराइड नसतं, ते जळायला आणखी काही लागतंच.

ढगफुटाणे

दोन्ही शंका रास्त आहेत आणि गटावर त्या तशाच मान्य करा. ज्वलनासाठी इतर घटक असतातच. त्यांची यादी माहिती अधिकारात मागता येते (खाली कुणीतरी त्यावर लिहील असं वाटतं). निष्कर्षांबद्दल म्हणाल, तर १८ टक्के हा आकडा दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे प्रयोग करून तपासला पाहिजे, असं म्हणणारा माणूस षड्यंत्रवादी ठरत नाही, तो वैज्ञानिकासारखाच बोलतोय. पण "परिणाम दाखवला तेवढा होत नसेल" हा संशय वेगळा आणि "परिणाम एवढा प्रचंड की पाऊस चोरला" हा वेगळा. दोन्ही एकदम धरता येत नाहीत. मेसेजमध्ये नेमकं तेच केलेलं असतं.

पाचवा_मजला

दावा दोनबद्दल. पांढऱ्या रेघा म्हणजे जेट इंजिनातून निघालेली वाफ गोठून झालेले बर्फकण. त्याला साधारण उणे ४० अंश तापमान लागतं आणि आपल्या भागात ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मिळतं. मुंबई–हैदराबाद विमानं जवळपास डोक्यावरूनच जातात. तिथली हवा कोरडी असली की रेघ दोन मिनिटांत विरते, दमट असली तर तासभर पसरत राहते. "कधी रेघ राहते, कधी नाही, म्हणजे रसायन" याचं उत्तर एवढंच.

तपासायची रीत: रेघ दिसली की लगेच फ्लाइटरडार२४ (डोक्यावरची विमानं दाखवणारं अॅप) उघडा, विमानावर बोट ठेवा, उंची पाहा. ३३ ते ३९ हजार फूट दिसेल. ढगबीजनाचं विमान याच्या उलट, छोटं पंख्याचं आणि ढगाच्या तळाशी, पाच-सहा हजार फुटांवर उडतं. म्हणजे ज्या रेघा दिसतात त्या बीजनाच्या असूच शकत नाहीत. एक सावधगिरी: लष्करी विमानं अॅपवर बरेचदा दिसत नाहीत. तेव्हा "अॅपवर सगळंच दिसतं" असं ठोकून देऊ नका, एखादा नेमका तोच अपवाद पकडेल.

पिंपांचा फोटो: नव्या विमानाच्या चाचणीत प्रवाशांच्या वजनाऐवजी पाण्याची पिंपं ठेवतात आणि पाणी इकडून तिकडे पंपाने हलवून तोल तपासतात. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, मूळ चाचणी-विमानाची चित्रं सापडतात.

ढगफुटाणे

हार्पचं थोडक्यात. रेडिओ लहरींनी वातावरणाच्या वरच्या थराचा अभ्यास करणारं केंद्र, अलास्कात गाकोना इथे आहे: १८० अँटेना, ३.६ मेगावॉट, २.७ ते १० मेगाहर्ट्झ लहरी. २०१५ पासून अलास्का विद्यापीठाकडे आहे आणि लोकांना पाहायला खुले दिवस ठेवतात. या लहरी ढगातल्या पाण्यात शोषल्या जात नाहीत. त्यांचं काम ८० किलोमीटरच्या वर, आणि मान्सूनचे ढग १६-१८ किलोमीटरच्या आत. ३.६ मेगावॉट म्हणजे मोठ्या पवनचक्क्यांची एक जोडी, तीही पूर्ण चालली तर. त्यावर मान्सून वळत असता तर आपल्या फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या वीज प्रकल्पाने काय काय वळवलं असतं!

वेशीबाहेर

हसण्यावारी नेऊ नका एवढंच सांगायला आलो. अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात व्हिएतनाम युद्धात शत्रूची रसद अडवायला गुपचूप ढगबीजन केलं, 'ऑपरेशन पोपाय'. ते उघड झाल्यावर हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९७७ मध्ये झाला. म्हणजे सरकारं असं लपवून करतात, हे गटातल्या संशय घेणाऱ्यांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. चूक होते ती पुढच्या उडीत: तिथे केलं म्हणून इथे केलं, आणि केलं म्हणून जमलं.

मिलिमीटर

माझ्या मते सगळ्या धाग्यात खरा मुद्दा चौथा आहे. बाकीचे तीन त्याच्यावर पोसले जातात.

पावसाचा सरकारी आकडा महसूल मंडळाचा असतो. मंडळात डझनभर गावं, आणि आकडा येतो एका केंद्रावरून. पर्जन्यमापकाचं तोंड ताटलीएवढं. त्यात जे पडलं तो अख्ख्या मंडळाचा पाऊस. सोलापूरकडचा पाऊस गडगडाटी ढगांचा, बांधाच्या अलीकडे पडेल आणि पलीकडे नाही. तेव्हा "शेतात टिपूस नाही, कागदावर ३० मिलिमीटर" हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि त्या आकड्यावर नुकसानभरपाईचे पैसे ठरतात: मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं तर अतिवृष्टी धरली जाते. ६२ नोंदला गेला की शेतकऱ्याला वाटतं, मुद्दाम कमी दाखवला. विश्वास उडतो तो इथं.

उपाय म्हणजे स्वतःचा मापक. खर्च शंभर रुपयांच्या आत.

१५ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, दोन लिटरची बाटली, मोजायला ५० मिलीची सिरिंज (जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते). नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर पाऊस = १७.७ मिली पाणी. जमलेलं पाणी मिलीत मोजा, १७.७ ने भागा. ६५ मिलिमीटर म्हणजे १,१५० मिली. दोन लिटरच्या बाटलीत ११३ मिलिमीटर मावतो. नरसाळं वेगळ्या मापाचं असेल तर आतला व्यास मोजून हिशोब नव्याने करा. दुकानदार सांगतो तो व्यास कडेसकट असतो.

काय चुकतं ते सांगतो. बादली ठेवतात, ती वर रुंद, खाली अरुंद, मग पट्टीने खोली मोजली की आकडा फुगतो. गच्चीवर ठेवतात, तिथं वाऱ्याने थेंब बाजूला जातात, आकडा कमी येतो. शहाबादी फरशीवर ठेवलं तर उडालेले शिंतोडे आत जातात. खाली माती किंवा गवत हवं, नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर. झाड वा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. बाटली अर्धी मातीत पुरा, नाहीतर कलंडते. ऊन असेल तर बाटलीत गोड्या तेलाचे चार थेंब टाका, बाष्पीभवन थांबतं.

सर्वांत मोठी चूक वेळेची. सरकारी दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. संध्याकाळी मोजून त्याच तारखेला लिहिलंत तर तुमचा मंगळवारचा पाऊस त्यांच्याकडे बुधवारी दिसेल आणि "बघा, खोटे आकडे" म्हणून नवा मेसेज तयार. रोज साडेआठला वाचा, त्याच तारखेखाली लिहा, मग 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय आकड्याशी ताडा. एका गावात नको. मंडळातल्या पाच-सहा गावांत ठेवा आणि फरक एका तक्त्यात घाला.

ज्वारीचं_कणीस

हे सोपं आहे, लावतो. आमचे आकडे मंडळाच्या आकड्यापेक्षा सतत वेगळे आले तर पुढे काय?

अर्जदार_१५०

एक-दोन दिवस वेगळे आले तर काही नाही, तो पावसाचा स्वभाव. पण सगळ्या सहा मापकांत पाऊस आणि केंद्रावर शून्य, असं वारंवार दिसलं तर केंद्र बंद असेल, नरसाळ्यात पालापाचोळा अडकला असेल किंवा शेजारी झाड वाढलं असेल. तेव्हा तहसीलदारांना तारीखवार तक्ता जोडून पंचनाम्याची मागणी करा, पोच घ्या, आणि सोबत माहिती अधिकार टाका.

राज्याच्या कार्यालयाला अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील (२० रुपयांचा स्टॅम्प), त्यानंतर ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. ढगबीजनाची संस्था केंद्राची, तो अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून. फी १० रुपयेच, पहिल्या अपिलाला फी नाही. पत्ता चुकला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचं काम त्यांचं. आणि कलम २(ञ) लोक विसरतात: कागद पाहणं, कामाची जागा पाहणं, साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्यात येतं.

ज्वारीचं_कणीस

मसुदा असा चालेल का? "२०१८ व २०१९ मध्ये सोलापुरातून विमानाद्वारे रसायन फवारून शेतकऱ्यांचे नुकसान का केले, याचा खुलासा करावा."

अर्जदार_१५०

हमखास परत येईल. 'का' विचारलंत की "ही माहिती नाही, अभिप्राय आहे" असं उत्तर मिळतं, आणि ते उत्तर गटावर "बघा, लपवतात" म्हणून फिरेल. कागद मागा:

"२०१८ व २०१९ मध्ये सोलापूर येथून कायपीक्स प्रयोगांतर्गत झालेल्या बीजन-उड्डाणांबाबत: (१) तारीख, उड्डाण व उतरण्याची वेळ यांची यादी, (२) प्रत्येक उड्डाणात वापरलेल्या नळकांड्यांची संख्या, (३) नळकांड्यांतील घटकांचे उत्पादकाने दिलेले पत्रक, (४) विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीची प्रत."

पाचवा_मजला

गटावर टाकताना एका वेळी एकच दावा घ्या. चारही एकदम उडवायला गेलात की समोरचा पाचवा काढतो. आधी जेवढं खरं आहे तेवढं मान्य करा, मग हिशोब. आणि ज्याचा संशय सर्वांत जास्त, मापक त्याच्याच शेतात बसवा. सुरू करण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या: कोणता आकडा दिसला तर मत बदलेल? "आकडे नाहीत म्हणजे दडवले, आहेत म्हणजे बनवले" असं उत्तर आलं तर त्या माणसाशी वाद थांबवा, बाकीचे १९९ वाचताहेत.

मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलाय, "मूळ कुणी लिहिलं?" एवढंच विचारा. तेलुगूत आलेल्याला तेलुगूतच उत्तर द्या, शक्यतो बोलून. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात मराठी खुलासा वाचतात, पण पुढे पाठवत नाहीत.

सरकारी तथ्य-तपासणीची लिंक टाळा. सरकारनेच स्वतःबद्दलच्या बातम्या खोट्या ठरवायच्या, ही नियमातली तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे. कुणीतरी ते तोंडावर फेकेलच.

ज्वारीचं_कणीस

मसुदा बदलला. नरसाळी सहा आणतोय. एक शंका: माकडं आणि पोरं हात लावतात, त्याचं काय?

मिलिमीटर

भोवती बाभळीच्या फांद्या नकोत, थेंब अडतात. कुंपणाच्या तारेचं गोल रिंगण करा, नरसाळ्यापासून मीटरभर लांब, उंची कडेपेक्षा जास्त नको. आणि एखाद्या दिवशी सांडलं तर तक्त्यात 'शून्य' लिहू नका, 'नोंद नाही' लिहा.