मदत हवी आहे: फिट येऊनही बाबा गाडी चालवतात, डॉक्टरांनी कळवायला नको का?

बाबा ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका आला होता, त्यातून छान सावरले. पण गेल्या चार महिन्यांत तीनदा फिट आली. हातपाय झाडणं, तोंडाला फेस, असं काही नाही. बोलता बोलता थांबतात, नजर खिळते, काही चघळत असल्यासारखे ओठ हलतात. मिनिटभरात संपतं आणि त्यांना काहीच आठवत नाही. सगळं घोडं इथेच अडलंय. "जरा तंद्री लागली होती," म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं.

ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला, तो कागद येईल त्याला दाखवतात. फिट आलेली नसते तेव्हा ईईजी नॉर्मल येऊ शकतो, त्यावरून अपस्मार (फिट येण्याचा आजार) नाही असं ठरत नाही, हे न्यूरॉलॉजिस्टनी समजावलं. गोळ्या दिल्या, गाडी बंद करा म्हणाले. तरी काल बाबा आईला घेऊन निघाले. आई म्हणते, मी शेजारी बसून लक्ष ठेवते. लक्ष ठेवून करणार काय? तिला गाडी चालवता येत नाही. ते परत येईपर्यंत मी दारातच उभी होते.

मी डॉक्टरांना म्हटलं, परवाना देणाऱ्या कार्यालयाला तुम्हीच कळवा. ते म्हणाले, पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही. मला हे पटलेलं नाही. कॅलिफोर्नियात शुद्ध हरपण्याचे आजार कळवणं डॉक्टरांना कायद्यानेच बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये आधी चालकाने स्वतः कळवायचं; तो ऐकतच नसेल तर डॉक्टर त्याला तसं सांगून कळवू शकतात. शिवाय तिथे अपस्मार असला तरी १२ महिने फिट आली नाही तर साधी मोटार पुन्हा चालवता येते. हे सांगितलं तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच मधे न तोडता ऐकलं.

सक्ती केली तर लोक डॉक्टरांपासूनच फिट लपवतील, ही भीती मलाही आहे. बाबा नक्की लपवतील, मग गोळ्यांचा डोस कशावरून ठरवणार? पण समोरून रस्ता ओलांडणाऱ्याला यातलं काय माहीत?

इथे कोणी डॉक्टर असतील तर सांगा, अशा वेळी तुम्ही काय करता? निदान सल्ला लेखी मागू का? घरच्यांनीच कळवलंय असं कुणी आहे का, आणि नंतर त्या माणसाने औषधं सोडली का? पुढच्या फिटचा व्हिडिओ काढून बाबांनाच दाखवावा असं मनात आहे. त्यांना फार लागेल का ते?