धंदा, साधना आणि सायकेडेलिक्स: मराठवाड्यातल्या उद्योजकांनो, आपापला अनुभव लिहा

आपल्याकडे धंदेवाले एकत्र आले की उधारी, जीएसटी, सोयाबीनचा भाव, न टिकणारे कामगार यांवर मध्यरात्र उलटेपर्यंत बोलतील. झोप लागत नाही, लेकरांवर विनाकारण हात उगारला जातो, गल्ला भरतोय तरी जीव रमत नाही, हे मात्र कोणी काढत नाही. अलीकडे वेगळेच शब्द कानावर येतात: मशरूम (नशा आणणारी), आयावास्का (दक्षिण अमेरिकेतला वेलीचा काढा), मायक्रोडोसिंग (अगदी थोड्या मात्रेत घेणं). मनाची अवस्था पालटणाऱ्या, भास घडवणाऱ्या अशा पदार्थांना सायकेडेलिक्स म्हणतात. पुण्या-बंगळुरूहून परतलेली मुलं सांगतात की ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सनेही एलएसडी हा असाच पदार्थ घेतला होता. घेतला होता, त्याने ते लपवलं नाही. पण तोच माणूस १९७४ साली गुरूच्या शोधात भारतात आला आणि परतल्यावर झेन गुरूंपाशी ध्यानाला बसत राहिला. हे सांगणारे फार थोडे.

म्हणून हा धागा काढते आहे. विपश्यना, वारी, हरिपाठ, समुपदेशन, परदेशात तिथल्या कायद्यात बसणारा सायकेडेलिक अनुभव, सगळं लिहा. एलएसडी, सायलोसायबिन (मशरूममधलं द्रव्य), डीएमटी (आयावास्कातलं द्रव्य) हे आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. साधना म्हणून घेतलं म्हटल्याने गुन्हा टळत नाही. तेव्हा कुठे मिळतं हे इथे कोणी विचारू नये, सांगू नये. आणि 'विश्वाशी एकरूप झालो' एवढ्यावर थांबू नका. परत आल्यावर गिऱ्हाईकाशी, भागीदाराशी, कामगाराशी वागण्यात काय फरक पडला ते लिहा. मला खरा रस त्यात आहे.

जालना, सळईची रोलिंग मिल

आमच्या मिलमध्ये कॉबल झालं की तापलेली लालभडक सळई गाईडमधून निसटून वेटोळी घेत बाहेर उसळते. लाइन बंद, भट्टी तापलेलीच, विजेचं मीटर पळतंय. अशा वेळी मी मिस्त्रीच्या आईबापाचा उद्धार करायचो, तोही सगळ्यांसमोर. बायकोने लावून धरलं म्हणून संभाजीनगरच्या धम्म अजंठा केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग तासभर न हलता बसायचं. गुडघे पेटले होते आणि डोक्यात एकाच पार्टीकडे थकलेली रक्कम फिरत होती.

धीर आला तो ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या गोष्टीने. ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेला व्यापारी माणूस. मायग्रेनसाठी मॉर्फिनची सुई घ्यावी लागायची आणि त्या सुईचीच सवय लागेल ही भीती. १९५५ साली तिथले विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी बजावलं की नुसत्या डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका. १९६९मध्ये ते ही विद्या घेऊन भारतात आले. धंद्यातल्या माणसाला हे जमतं, एवढं मला पुरलं.

कॉबल झालं की कानशिलं आजही तापतात, पण तापली हे मला कळतं. तेवढ्या वेळात शिवी गिळता येते आणि मिस्त्रीला विचारता येतं की गाईड झिजलंय का. बहुतेक वेळा झिजलेलंच असतं.

छत्रपती संभाजीनगर, सॉफ्टवेअर

मी नेदरलँड्सला गेले होते. तिथे २००८ साली मशरूमवर बंदी आली, पण ट्रफल्स, म्हणजे तशाच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी, त्या बंदीत आल्या नाहीत. त्यामुळे शिबिरं उघडपणे चालतात. आधी लांबलचक फॉर्म: घरात कोणाला मानसिक आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत. नंतर डोळ्यांवर पट्टी, संगीत आणि शेजारी बसलेली एक अनुभवी बाई.

सुरुवातीला मळमळ आणि भीती. मग वडील दुकानाचं शटर ओढताना दिसले, पाठमोरे, घामाने पाठीला चिकटलेला शर्ट. ते गेले तेव्हा मी रडले नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी क्लायंटची डिलिव्हरी होती. त्या दुपारी मनसोक्त रडले. हे मला मिळालं आणि ते मी नाकारणार नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनी विकून टाकावी असं प्रकर्षाने वाटायला लागलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, काही आठवडे कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही. फार मोलाचा सल्ला. दिवाळीपर्यंत तो हलकेपणा ओसरला. कंपनीत भावाचा वाटा किती, हा वडिलांनी तसाच सोडून दिलेला प्रश्न मात्र जागच्या जागी होता. तो सुटला समुपदेशकांसमोर, भावाला शेजारी बसवून, कित्येक महिन्यांनी. त्या खोलीत जाण्याची तयारी ट्रफल्समुळे झाली असं म्हणता येईल. तरी कोणी विचारलं तर 'जा' असं मी सांगत नाही. आधीची तपासणी आणि नंतरची सोबत सगळ्यांना मिळतेच असं नाही.

बीड, जेसीबी भाड्याचा धंदा, धाकट्या भावाबद्दल

भाऊ कामाला लई वाघ. परराज्यातल्या एका शिबिराला गेलता. तिथं काढा म्हणून कायतरी पाजलं, काय पाजलं ते आजवर कळलं नाही. आला तवा झोपंना, पहाटे दोनला उठून मला कामं सांगायचा. आम्हाला वाटलं, पोरगं पेटलंय, आता धंदा वाढवतंय. बघता बघता दोन नव्या मशीनचा इसार देऊन बसला. मग म्हणाया लागला की टीव्हीतून त्याला निरोप येतेत. माय देवऋष्याकडं न्या म्हणत होती, मी सरळ डॉक्टरकडं नेलं. आता गोळ्या चालू हायेत, साइटवर येतो, हसतो-बोलतो. आमच्या मामाला असाच आजार होता. शिबिरवाल्यानं घरातलं कायबी विचारलं नाही, त्याचा राग अजून जात नाही.

लातूर, मनोविकारतज्ज्ञ

बीडच्या दादांनी लिहिलं तसं मी ओपीडीत पाहतो. रात्रीमागून रात्री झोप नाही तरी थकवा नाही, एकदम चार-पाच धंद्यांच्या योजना, हातात पैसा ठरत नाही. घरच्यांना ही जिद्द वाटते, आम्ही त्याला उन्माद म्हणतो. द्विध्रुवी आजार (बायपोलर) किंवा स्किझोफ्रेनिया स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात असेल, तर सायकेडेलिक्सच्या अभ्यासांत अशा माणसाला सहसा घेतच नाहीत. लिथियम हे द्विध्रुवी आजारावरचं औषध चालू असताना असे पदार्थ घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत. आयावास्काच्या वेलीत एमएओ, म्हणजे मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एंझाइम, रोखणारी द्रव्यं असतात. नैराश्याच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांसोबत ती घेतली तर सेरोटोनिन जीवघेणं वाढू शकतं. आणि शिबिरासाठी गोळ्या मनाने बंद करू नका, त्यातही धोका आहे.

मी या संशोधनाच्या विरोधात नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सायलोसायबिनवरच्या २००६च्या प्रयोगापासूनचं सगळं आवडीने वाचत आलो आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३पासून परवानगी घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञांना, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन लिहून देता येतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मात्र ऑगस्ट २०२४मध्ये पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक आजार) एमडीएमए या मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थाला मान्यता नाकारली. दार किलकिलं झालं आहे ते आजारी माणसासाठी, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. उलाढाल वाढावी म्हणून नव्हे. ज्यांची झोप उडाली आहे त्यांनी आजच १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वाळूज, प्रेस शॉप

पत्र्याचे पैसे रोख आणि ग्राहक कंपनीचं पेमेंट तीन-तीन महिन्यांनी. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटला ४५ दिवसांची मर्यादा आहे, पण ती दाखवली तर पुढची ऑर्डर जाते. हा ताण ध्यानाने जात नाही. दुसरे ग्राहक धरले, बँकेची कर्जमर्यादा वाढवून घेतली, तेव्हा झोप आली. मी ध्यान करतो, पण आधी हिशेब. सगळंच दुःख आतलं नसतं.

गंगाखेड, आडत दुकान

आमचं गाव जनाबाईंचं. तेरचे गोरोबा मडकी घडवत राहिले, नरसीच्या नामदेवांचं घर शिंप्याचं. आपल्याच भागातली ही माणसं, हातातलं काम न टाकता पोचलेली. म्हणून मी कुठं लांब गेलो नाही. दिवेलागणीला वखारीत हमाल-मापाड्यांसोबत सतरंजी टाकून हरिपाठ म्हणतो.

आमच्याकडं सोयाबीनला ओलाव्यापोटी क्विंटलमागं कडता, म्हणजे वजनात कपात, धरायची वहिवाट होती. माल कोरडा असला तरी धरायचाच, वडिलांच्या वेळेपासून. हरिपाठाला माझ्याशेजारी बसणारा हमाल एकदा म्हणला, "मालक, काल माझ्या भावाचं सोयाबीन आलतं. वाळून खडखडीत होतं." त्याच आठवड्यात ओलावा मोजायचं यंत्र आणून काट्याशेजारी ठेवलं. आकडा शेतकऱ्याच्या देखत, १२ टक्क्यांच्या आत असला तर कडता नाही. तो हंगाम नफा घटला, शेजारचे आडते चिडले, वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आता लांबच्या गावचे शेतकरी गाडी थेट आमच्याकडं आणतेत. ते आले नसते तरी यंत्र मी उचललं नसतं.

(गंगाखेडच्या दादांना माझा प्रश्न: हमालाला मालकासमोर असं बोलता कसं आलं?)

ताई, हरिपाठ झाला की एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. मी त्याच्या पडतो, तो माझ्या. दुकानात तो मला मालक म्हणतो, पण रोज पाया पडणाऱ्या माणसाला तो किती दिवस भिणार?

(धाराशिव, हिंगोली, नांदेडचं अजून कोणी आलेलं नाही. नांदेडला हुजूर साहिबात लंगरची सेवा करणारे बरेच व्यापारी आहेत. त्यांच्यापैकी कोणी लिहिलं तर फार बरं होईल.)