परदेशी शिकायला गेलात तेव्हा आतून काय हललं?

भाची एका सत्रासाठी जपानला निघालीय. घरात सध्या चर्चा एकच: कुकर न्यायचा की नाही, आणि भाजणी किती. परवा तिने हळूच विचारलं, "मावशी, तिथे जाऊन माणूस बदलतो का गं?" मी काय सांगणार? माझं सगळं शिक्षण सोलापुरात. म्हणून तुम्हाला विचारते. देव, श्रद्धा, प्रार्थना याबाबत तिथल्या माणसांकडून काही मिळालं असेल तर लिहा. व्हिसा आणि 'तिथले रस्ते किती स्वच्छ' कृपया नको. नास्तिकांनीही लिहावं.

डोंगरवाट
भाची जपानला चाललीय म्हणून आधी मीच. भाषेच्या कोर्सला होतो, सुट्टीत शिकोकू बेटावर गेलो. कोबो दाइशी, म्हणजे नवव्या शतकातले कूकाई, यांच्या नावाने तिथे 88 देवळांची यात्रा चालते, सुमारे 1200 किलोमीटरची. आम्ही पहिल्या र्‍योझेनजीपासून थोडंसंच चाललो. भातखाचराच्या कडेला एक आजी सायकलवरून उतरल्या आणि दोन संत्री नि शंभर येनचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी आपला सवयीने "नको, नको". बरोबरचा जपानी मित्र पुटपुटला, घे. याला ओसेत्ताई म्हणतात. यात्रेकरूने ते नाकारायचं नसतं, कारण तो एकटा चालत नसतो, दाइशी सोबत असतात आणि दिलेलं त्यांना पोचतं. बदल्यात आपलं नाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची. आजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मलाच नमस्कार केला!

आमच्या घरी दरवर्षी दिंडीला पिठलं-भाकरी असते. वारी मी कायम वाढणाऱ्याच्या बाजूने पाहिलेली. देताना आपला 'मी' चांगला ऐसपैस बसलेला असतो. घेताना त्याला जागाच उरत नाही. खरं सांगतो, घेणं जड गेलं.

शेवंती
मी बालीत, डेन्पसारला आर्किटेक्चर एक्स्चेंजवर होते. 2023 मध्ये त्यांची न्येपी, म्हणजे बालीतल्या हिंदूंचा मौनात पाळायचा नववर्षदिन, आणि आपला पाडवा एकाच दिवशी आले, 22 मार्चला. शके 1945 त्यांचंही, आपलंही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांच्या अवाढव्य पुतळ्यांच्या मिरवणुका. विसर्जनाच्या ढोलताशांनी लाजावं असा दणका! आणि सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत दिवा नाही, चूल नाही, काम नाही, बाहेर पडणं नाही. विमानतळ बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार. पर्यटकांनाही हॉटेलबाहेर सोडत नाहीत. माझी गुढी घरमालकीणबाईंनी अंगणाच्या आतच उभारू दिली, तीही उजाडायच्या आत. आपल्याकडे सण म्हटला की बायकांचं काम दुप्पट. बाईंनी त्या दिवशी काहीही केलं नाही. मला मात्र दुपारपर्यंत काय करावं सुचेना.

तिखटमीठ
हे सगळं आपल्याकडेही आहे की. मौन आहे, अन्नदान आहे. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?

अपरान्त
तिखटमीठ, आहे ना. पण माझ्यापुरतं सांगते. जर्मनीत मास्टर्स करताना विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर फ्रान्समध्ये तेझेला गेले. ब्रदर रोजे यांनी 1940 मध्ये सुरू केलेला मठ, कॅथलिक-प्रोटेस्टंट एकत्र राहतात. दिवसातून तीनदा घंटा, एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, मग शांतता. जेवायला फक्त चमचा. भांडी घासायची पाळी आली तेव्हा शेजारच्या जर्मन मुलाने सांगितलं की इथलं 1962 चं मोठं चर्च बांधायला जर्मन तरुण आले होते, नाझी काळातल्या गुन्ह्यांचं प्रायश्चित्त म्हणून. त्यातल्या कित्येकांनी स्वतः काहीच केलेलं नव्हतं, युद्धात ती पोरं होती.

महाड आमच्या गावापासून तासाभरावर. चवदार तळ्याचा 1927 चा सत्याग्रह शाळेत धडा म्हणून पाठ केला, घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही. माझी पणजी पाणी वरून ओतायची, हे आजीने सहज सांगितलेलं. मठातून फोनवर मी आईला पहिल्यांदा त्याबद्दल विचारलं. तिला राग आला. अजून आहे थोडा.

शून्यवादी
मी देव मानत नाही, तेव्हाही नव्हतो मानत. इंग्लंडमध्ये घरमालक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, त्यांच्याबरोबर रविवारी प्रार्थनेला जायचो. पुरोहित नाही, भजन नाही. तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलायची, त्यावर कुणी उत्तर देत नाही. एकदा एक आजोबा उठले, बायको गेल्याचं सांगितलं आणि बसले. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं झालं हो?" विचारतो, आणि घरचा माणूस तेच तेच सांगून थकतो. इथे कुणी चकार शब्द काढला नाही. वेळ संपल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. चहाच्या टेबलापाशी मात्र तिघी-चौघी त्यांच्याभोवती जमल्या आणि आठवडाभर जेवण कुणी कुठल्या वारी पोचवायचं, हे तिथेच ठरवून टाकलं. गुरुवार आमच्या घराकडे आला. मी खिचडी केली, तिखट बेताचं.