शंभर झाले, पण सर्वश्रेष्ठ कोण? शिफ्रिन की व्हॉन?

उतारू: २३ फेब्रुवारी २०२५ला इटलीत सेस्ट्रिएरला अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळत उतरायची शर्यत, जिंकली आणि स्कीच्या वर्ल्ड कपमधले (दर हिवाळ्यातली शर्यतींची मालिका) तिचे शंभर विजय झाले. बाई असो की पुरुष, इथवर कुणी पोचलेलं नाही. तेव्हापासून जो तो 'सर्वकालीन श्रेष्ठ' म्हणत सुटलाय. माझं मत तिच्याच देशाच्या लिंडसे व्हॉनला. तिचे विजय २०१९ पर्यंत ८२, त्यातले ४३ डाउनहिलचे, म्हणजे उतारावरून भरधाव सुटायच्या शर्यतीचे. ताशी सव्वाशे किलोमीटर, अंगावर कागदासारखा पातळ सूट, एकच धाव, आणि चुकलात तर थेट कडेच्या संरक्षक जाळीत. शिफ्रिनचे साठाहून जास्त विजय स्लॅलमचे, म्हणजे त्या खांबांच्या फाटकांमधून नागमोडी. कसब आहेच, पण जिवाशी खेळ नाही. त्यातून बीजिंग ऑलिंपिक २०२२: सहा शर्यती, पदक शून्य. मोठ्या दिवशी जो उभा राहतो तो मोठा. हाणा आता.

खडीसाखर: नागमोडी म्हणे! कधी नीट बघितलीत का हो स्लॅलम? मिनिटभरात साठेक वळणं, प्रत्येक खांब नडगीने नाहीतर मुठीने आडवा करत जायचं. स्कीचं टोक एका खांबाच्या चुकीच्या बाजूने गेलं की संपलं, गाशा गुंडाळा. आणि हे दोनदा, दोन वेगळ्या मांडणीच्या उतारांवर. असं साठ वेळा जिंकून दाखवा म्हणावं. दुसरं, स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचे वर्ल्ड कपमधले ८६ विजय आठवा. सगळेच्या सगळे स्लॅलम आणि जायंट स्लॅलमचे (तसंच, पण फाटकं लांब लांब), डाउनहिलचा एकही नाही. तो विक्रम १९८९ पासून २०२३ पर्यंत टिकला, आणि तेवढी वर्षं 'जिवाशी खेळ कुठाय' असं त्याला कुणी विचारलं नाही. मुलीने मोडला की लगेच नियम बदलले?

उतारू: स्टेनमार्कचा मुद्दा बिनतोड, मानलं. पण मुलगी-मुलगा कशाला आणता? मी जिची बाजू घेतोय तीही बाईच. कॅनडातल्या लेक लुईसच्या उतारावर तिने १८ शर्यती जिंकल्या. २०१२ मध्ये तिथे पुरुषांच्या शर्यतीत उतरू द्या म्हणून तिने रीतसर मागणी केली होती, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने नाही म्हटलं. शिफ्रिनने कधी मागितलं असतं?

बर्फगोळा_दादर: शिफ्रिनला ९९वा विजय मिळाला नोव्हेंबरात, शंभरावा फेब्रुवारीत. हे वाचून मला सचिनचं शंभराव्या शतकाची वाट बघण्याचं ते वर्ष आठवलं. प्रत्येक डावाला आमचे वडील देवापुढे दिवा लावायचे. (शतक झालं त्या दिवशी आपण बांगलादेशकडून हरलो, दिवा वाया.)

बॉस्टनकर: तो 'जिवाशी खेळ' शब्द जरा मागे घ्या. ३० नोव्हेंबरला मी अमेरिकेत किलिंग्टनच्या शर्यतीला होतो, थॅंक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार तास गाडी हाकून. जायंट स्लॅलम, पहिल्या धावेत शिफ्रिन पुढे, शंभरावा विजय समोर दिसत होता. माझ्या शेजारी दोन चिमुरड्या घसा बसेपर्यंत काउबेल वाजवत होत्या. दुसऱ्या धावेचा शेवट जवळ आला आणि ती फाटकावर आदळून कोलांटी खात जाळीत गेली. घंटा बंद. इतकी माणसं आणि ऐकू येत होता फक्त निवेदकाचा आवाज. बऱ्याच वेळाने घसरगाडीवर आडवी घालून तिला खाली आणलं, तेव्हा तिने झोपल्या झोपल्या हात हलवला. पोटात भोसकल्यासारखी खोल जखम झाली होती, डिसेंबरात शस्त्रक्रिया करावी लागली. फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली जायंट स्लॅलम तिने सोडली, त्या प्रकाराची मनात बसलेली धास्ती जात नाही असं स्वतःच सांगून. आणि पडल्यापासून तेराव्या आठवड्यात शंभरावा विजय. नागमोडीत जिवाला काही होत नाही म्हणता?

उतारू: हे माहीत होतं, पण असं डोळ्यांसमोर आलं नव्हतं. तो शब्द मागे. बीजिंगचं मात्र काय?

खडीसाखर: बीजिंगचं घ्याच. जायंट स्लॅलम दहाव्या सेकंदाला हातची गेली, स्लॅलम पाचव्या. त्यानंतर उताराच्या कडेला बर्फात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली ती, आणि तिच्यावर रोखलेले कॅमेरे. ते चित्र सगळ्यांना आठवतं. पण 'मोठा दिवस' हाच तुमचा तराजू असेल तर मोजू या. व्हॉन: ऑलिंपिक सुवर्ण एक, कांस्य दोन. शिफ्रिन (२०२५ पर्यंत): सुवर्ण दोन, रौप्य एक, आणि पहिलं सुवर्ण अठराव्या वर्षी सोचीत. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांची सुवर्णं: व्हॉनची दोन, शिफ्रिनची आठ. तराजू तुमचाच होता हो!

रिटायर्ड_काकू: तुम्हा पोरांना अ‍ॅनेमारी मोझर-प्रोल ठाऊक तरी आहे का? ऑस्ट्रियाची. विजय ६२, मोसमाचं सर्वंकष (सगळे प्रकार मिळून) विजेतेपद सहा वेळा. व्हॉनचं चार वेळा, शिफ्रिनचं २०२५ पर्यंत पाच. मोझर-प्रोलच्या काळात सुपर-जी (वेगात डाउनहिलच्या खालोखाल) हा प्रकारच नव्हता, शर्यतीही कमी. मधे एक हिवाळाभर थांबली, परत आली, १९८० ला लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण घेतलं आणि निवृत्त झाली. बसा भांडत दोघं.

उतारू: काकू, तुम्ही धागाच पळवलात! खडीसाखर, पदकांवर मी तोंडघशी पडलो, कबूल. तरी मत बदलत नाही. व्हॉनबाई चाळिशीची, उजव्या गुडघ्यात टायटॅनियम, जवळपास सहा वर्षं खेळाबाहेर. आणि या जानेवारीत ऑस्ट्रियात सेंट अँटनला सुपर-जीत चौथी! हे कुठल्या तक्त्यात मांडणार?

खडीसाखर: चौथीला पदक नसतं, पण यावर टाळ्या माझ्याही. या मार्चअखेर अमेरिकेत सन व्हॅलीत मोसमाची अखेरची फेरी आहे, दोघीही अपेक्षित आहेत. जागणार असाल तर सांगा, इथेच धावतं समालोचन लिहू.

बर्फगोळा_दादर: मी दिवा लावतो.